सात तारखेचा हप्ता पाच तारखेला

माझ्या नवऱ्याने चांगली चालू नोकरी सोडून इथे कानडी मुलखात, सर्जापूर रोडवर मिसळीचं दुकान काढलं, तेव्हा मी त्याला मूर्ख म्हटलं होतं. ते मागे घ्यायची वेळ कधी आली नाही. त्याचा हिशेब असा, की आजूबाजूच्या सोसायट्यांमध्ये मराठी माणसं खच्चून भरलेली आहेत, म्हणजे दुकान चालणारच. माणसं आली. पुण्याचा म्हणाला, ही जरा कोल्हापुरी वाटते. कोल्हापूरचा म्हणाला, ह्यात कट कुठाय. नागपूरकराने तर्री मागितली आणि नाशिकचा नुसताच हसला. सगळ्यांनी फोटो काढले, आपल्या माणसाला सपोर्ट केला पाहिजे असं ग्रुपवर लिहिलं, आणि पुढच्या रविवारी शेजारच्या दर्शिनीत उभं राहून डोसा खाल्ला. दीड वर्षात दुकान बंद झालं. मागे उरलं बँकेचं कर्ज, आणि त्याला तारण ठेवलेला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट.

बँकेने कर्जाची पुनर्रचना करून दिली. म्हणजे व्याज थोडं कमी केलं, मुदत वाढवली आणि दर महिन्याच्या सात तारखेला ठरलेला हप्ता बांधून दिला. लागोपाठ दोन हप्ते चुकले की करार रद्द, आणि मग बँक फ्लॅट विकायला मोकळी. करार एकोणीस पानांचा होता. बँकेच्या माणसाने जिथे जिथे बोट ठेवलं तिथे तिथे नवऱ्याने सह्या केल्या आणि चहा मिळेल का असं विचारलं. मी मात्र पेन्सिल घेऊन प्रत्येक ओळ वाचली. अकराव्या पानावर एक कलम होतं: घरातलं उत्पन्न घटलं तर तीस दिवसांच्या आत लेखी कळवावं, म्हणजे हप्त्याचा फेरविचार करता येईल. मी ते वाचलं आणि पान उलटलं. असली कलमं लाज सोडलेल्या लोकांसाठी असतात, आपल्यासाठी नाहीत, असं मला अगदी सहज वाटलं.

नवऱ्याला व्हाइटफील्डमध्ये एका कंपनीच्या कँटीनवर देखरेखीचं काम मिळालं. त्याचा पगार किराणा, वीज आणि मुलीची फी यातच संपायचा. हप्ता माझ्या पगारातून जायचा. सात तारखेचा हप्ता मी पाच तारखेला भरत असे. माझ्या माहेरी लाइटचं बिल आलं त्याच दिवशी भरायचे, आणि भरल्याचं शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचे. तेच माझ्या अंगात मुरलेलं. आम्ही कुणाचे पाच पैसे ठेवत नाही, हे वाक्य मी कर्जात बुडालेली असतानाही बिनदिक्कत म्हणत होते.

आणि मग माझी नोकरी गेली. एचआरच्या एका पोरसवदा बाईने व्हिडिओ कॉलवर सांगितलं की माझा रोल आता राहिलेला नाही. रोल राहिलेला नाही म्हणाली, मी राहिले नाही असं म्हणाली नाही. बारा वर्षांचं काम तिने एका कपभर कॉफीच्या वेळात आवरलं आणि शेवटी माझ्या पुढच्या प्रवासाला शुभेच्छा दिल्या. तिच्या मागे भिंतीवर 'कुटुंब' असं इंग्रजीत लिहिलेलं होतं.

त्या दिवसापासून तीस दिवस मोजायला हवे होते. मी मोजले नाहीत. पहिले दोन हप्ते मी कंपनीने दिलेल्या पैशातून भरले. तिसऱ्यासाठी एक ठेव मोडली. चौथ्या आणि पाचव्यासाठी आईने दिलेल्या पाटल्या विकल्या, त्याही थेट जयनगरला जाऊन, कारण सर्जापूर रोडवर कुणीतरी पाहिलं असतं. नवऱ्याला सांगितलं नाही. हप्ता दर वेळी पाच तारखेलाच भरला. पुण्याला माहेरी फोनवर सांगितलं की हल्ली घरूनच काम करते. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला वर्गणी मागच्या वर्षीपेक्षा पाचशेने जास्त दिली, आणि पावती देणाऱ्या गृहस्थांनी "वा" म्हटलं तेव्हा मला बरंसुद्धा वाटलं.

नवरा मात्र जगाला सांगत सुटला होता. लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगायचा. वॉचमनला सांगितलं. खालच्या भाजीवालीला तर रोज नव्याने सांगायचा: "स्वल्प कम्मी माडी अक्का, हिची नोकरी गेली ना." जरा कमी करा ताई, हे पहिलं अर्धं वाक्य कानडीत, दुसरं मराठीत, आणि ती बाई दोन्ही समजून मूठभर कोथिंबीर फुकट टाकायची. मी तिच्याकडे जायचं सोडलं आणि पलीकडच्या एसी दुकानातून तिप्पट भावाने कोथिंबीर आणायला लागले. नवऱ्याची मला किळस यायची. मिसळीचं दुकान बुडवल्याबद्दल नाही, तर बुडालो असं सांगताना त्याचा चेहरा जराही पडत नसे म्हणून.

सहाव्या महिन्यात विकायला काही उरलं नाही. पाच तारीख गेली, सात गेली. दहाला बँकेचा मेल आला की एक हप्ता थकलेला आहे, पुढचाही थकल्यास करार रद्द समजावा. म्हणजे घर आणि रस्ता यांच्यात आता एकच महिना होता.

मी एकटीच बँकेत गेले. चांगली कॉटनची साडी नेसले, कारण पैसे नसलेल्या बाईसारखं मला दिसायचं नव्हतं. समोर एक तरुण अधिकारी होती, डोक्यात मोगऱ्याचा गजरा आणि आवाजात कसलीही घाई नसलेली. मी तिला अस्खलित इंग्रजीत सांगितलं की थोडी तांत्रिक अडचण आहे, दोन महिन्यांची सवलत द्या. तिने स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं की घरातल्या उत्पन्नात काही बदल झालाय का. विचारायची वेळ आणि विचारणारी बाई, दोन्ही योग्य होत्या. मी म्हटलं, "तसं काही नाही." मग ती म्हणाली की तसं काही नसेल तर तिच्या हातातही काही नाही, आणि मी उठले. बाहेर येऊन रिक्षात बसेपर्यंत मी तिलाच नावं ठेवत होते.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, तू तिला नेमकं काय सांगितलंस. मी सांगितलं. तो म्हणाला, "अगं, पण नोकरी गेली हे सांगायला आपण तिथे जातो ना?" मला त्याच्या अडाणीपणाचा इतका राग आला की मी आत जाऊन कपाट आवरायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो कँटीनमधून सुट्टी काढून माझ्याबरोबर आला. कपडे रोजचेच, कॉलरवर हळदीचा डाग. खुर्चीत बसायच्या आधीच त्याने आपल्या त्या भयंकर हिंदीत सगळं ओतून टाकलं. दुकान कसं बुडालं, बायकोची नोकरी कधी गेली, आपला पगार किती, मुलगी कितवीत आहे. शेजारच्या टेबलावरचा माणूस मान वळवून ऐकत होता. मी जमिनीकडे बघत बसले. अधिकारी बाईने एक फॉर्म काढला, एकच पान, आणि म्हणाली की हे पाच महिन्यांपूर्वी आलं असतं तर तेव्हाच हप्ता अर्ध्यावर आला असता.

मग ती अडली. स्क्रीन आमच्याकडे वळवून तिने दाखवलं. नोकरी गेल्यावरचे पाचही हप्ते पूर्ण, पाचही मुदतीच्या दोन दिवस आधी. वरच्या ऑफिसात हे बघणारे लोक म्हणतील की ह्यांची ऐपत आहे, बाई नोकरी नसतानाही वेळेआधी भरतेय, म्हणजे कुठून तरी येतंय. माझ्या आयुष्यात कुणी माझा वक्तशीरपणा माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडला नव्हता. हे पैसे आले कुठून, तिने विचारलं.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्यालाही आत्ताच कळत होतं की कंपनीचे पैसे पाच महिने पुरणं शक्यच नव्हतं. मी पर्समधून मोडलेल्या ठेवीचा कागद आणि सोनाराची पावती काढून टेबलावर ठेवली. सगळे कागद मी नेहमी जपून ठेवते. त्याने पावती वाचली. पाटल्या हा शब्द त्याने दोनदा वाचला असावा, कारण डोळे तिथेच थांबले. तो रागावेल असं मला वाटलं, आणि रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने पावती सरळ करून तिच्याकडे सरकवली.

हे कागद चालतील, ती म्हणाली. पण तीस दिवसांची मुदत उलटून गेली होती, आणि उशिराचं कारण लिहिल्याशिवाय अर्ज पुढे जाणार नव्हता. कारण पटलं नाही तर फ्लॅटचं पुढे काय ते वरचे ठरवतील. मग ती सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, आपने बताया क्यों नहीं?"

मला उत्तर माहीत होतं. वर्गणी, कोथिंबीर, जयनगर, पुण्याचे फोन, सगळं तोंडाशी आलं होतं. एवढंच म्हणायचं होतं की मला लाज वाटली. ज्या माणसाला मी इतके महिने मनात बेशरम म्हणत होते, त्याच्यासमोर मला ते म्हणता येईना.

"मॅडम, गलती मेरा है," नवरा म्हणाला. "ये तो कब से बोल रही थी, बँक में बताते हैं. मैंनेच मना किया. मेरे को शरम आया."

बाईने त्याच्या कॉलरकडे पाहिलं आणि मान हलवली. तिला ते पटलं. अशा माणसाचं कुणालाही पटलं असतं. तिने पेन त्याच्या हातात दिलं आणि त्याने उशिराच्या कारणाच्या रकान्यात, आपल्या बेंगरूळ इंग्रजी अक्षरात, ते खोटं दोन ओळींत लिहून काढलं. मग फॉर्म माझ्यापुढे आला. मी सवयीने पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक शब्द वाचला, आणि सहकर्जदार म्हणून त्याच्या खाली सही केली.