आता हळू म्हण

काल स्टुडिओत जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर लावला आणि तापलेल्या धुळीचा करपट वास आला. मला नांदुऱ्याचं रेडिओचं दुकान आठवलं.

मी नुकतीच मॅट्रिक झाले होते, गाणं शिकत होते, म्हणून रेडिओ निवडायला आत्यानं मला सोबत नेलं होतं. दुकानदारानं आधी साधा रेडिओ लावला, मग तेच गाणं महागड्यावर. “ऐका बाई फरक!” मी तर विरघळलेच. आत्या मात्र त्याच्या हाताकडे बघत होती.

“भाऊ, त्या बटनाले काऊन हात लावला?”

“आवाज जरा वाढवून मोकळा केला, बाई.”

“मंग त्या साध्याचाबी तेवढाच मोकळा करा. अन् तू भितीकडे तोंड करून आईक. सांग, कोन्ता चांगला?”

मी ऐकलं. बराच वेळ ऐकलं.

“मले तर सारखेच वाटून राह्यले, आत्या.”

साधा रेडिओ घेऊन आम्ही परतलो. मला रागच आला होता. घरी आल्या आल्या मी नव्यानं शिकलेलं भजन खड्या आवाजात म्हटलं आणि विचारलं, कसं झालं?

आत्यानं माझ्याकडे त्याच दुकानातल्या नजरेनं पाहिलं. “आता हेच हळू म्हन.”

हळू म्हणताना पहिल्याच ओळीत सूर हलला.

काय संशयी बाई आहे, असं तेव्हा मनात आलं होतं. आता मी गाण्यांच्या रेकॉर्डिंगला बसते आणि आवाज कमी करायला सांगते, तेव्हा स्टुडिओतली पोरं माझ्या पाठीमागे तेच म्हणतात.