जोडातून जाणारं रक्त

बायकोची यकृताकडे जाणारी शीर फार वर्षांपूर्वी बंद पडली होती. रक्त तुंबायचं, अन्ननलिकेतल्या शिरा फुटायच्या आणि रक्ताची उलटी व्हायची. तेव्हा सर्जननं प्लीहा काढून प्लीहेची शीर मूत्रपिंडाच्या शिरेला जोडली. या जोडाला शंट म्हणतात.

यंदा तिला शौचाला काळं व्हायला लागलं, म्हणजे आत पुन्हा रक्त झिरपत होतं. जोड नुसता अरुंद झाला असेल तर आतून फुग्यानं रुंद करू, डॉक्टर म्हणाले. पार बुजला असेल तर या वयात पुन्हा पोट उघडायचं की काय, ते बघावं लागेल. त्याआधी डॉपलर, म्हणजे वाहतं रक्त दाखवणारी सोनोग्राफी. उपाशीपोटी.

दिल्लीतल्या मयूर विहारच्या घरून सकाळीच हॉस्पिटलला निघालो. मला बाहेर बसायला सांगितलं, मी बसलो नाही. मी चौथीपर्यंतच शिकलोय, पण आपल्या माणसाच्या पोटात काय चाललंय ते मला बघायचंच होतं. तपासणारी डॉक्टरीण नातीच्या वयाची. तिनं पोटावर यंत्र फिरवलं आणि थांबली.

"माताजी, सुबह क्या खाया?"

"कुछ नहीं."

"पेट तो भरा हुआ है."

बायको माझ्याकडे बघून पुटपुटली, "एवढ्या कामाला निघताना दही-साखर नको? आणि नुसतं दही काय खायचं, म्हणून थोडे पोहे."

गॅसमुळे जोड दिसेना. उद्या या, म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारातच खुर्ची टाकून बसलो.

या वेळी पडद्यावर लाल-निळं काहीतरी हललं. निळं म्हणजे खराब रक्त, हे मी डॉक्टरणीला छातीठोक सांगितलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. रंग फक्त दिशा दाखवतो, यंत्राकडे येणारं लाल, लांब जाणारं निळं. मग पाइप कुठाय, मी विचारलं. पाइप नाहीच, शिरेला शीरच शिवलीय. हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. मग तिनं वाहत्या रक्ताचा आवाज चालू केला. धावत्या गाडीची काच बोटभर उघडी राहिली की वारा जसा शिट्टी मारतो, तसा. मी जन्मभर सरकारी गाडी चालवलीय, तो आवाज मला नवा नव्हता.

"खुला है, अंकल जी. बस तंग हो गया है."

जांघेच्या शिरेतून तार घालून, एक्स-रेवर बघत बघत, डॉक्टरांनी फुगा जोडापर्यंत नेला आणि फुगवला.

नंतरच्या डॉपलरला त्या डॉक्टरणीनं मी न सांगता आवाज मोठा केला. आता शिट्टी नव्हती, भरलेला, खोल घुमारा होता. बायको पडल्या पडल्या म्हणाली, "अगंबाई, एवढा गोंगाट माझ्यात?"

मी म्हटलं, "गप पड. ऐकू दे."