चौथ्या पाळीची ओळ

"मन्हा राजीनामा तयार शे, भाऊसाहेब. पद तेवढं बाकी शे."

पंचायतीच्या पायऱ्या चढताना तो हे वाक्य म्हणायचा आणि अंगठा तर्जनीवर घासायचा, बोटाला चिकटलेला ऑइलपेंट निघावा म्हणून. रंग कधीच पुरता निघाला नाही. वाक्य मात्र मी पाच वर्षं ऐकलं. सुरुवातीला आम्ही सगळे हसायचो, मग मी एकटाच हसायचो, आणि शेवटी शेवटी तोही नुसता सवयीने म्हणायचा.

तापीकाठच्या या गावात मी ग्रामसेवक आहे. हुद्द्याचं नाव आता सरकारने बदललंय, पण गाव 'भाऊसाहेब'च म्हणतं. धडगावकडून बदली होऊन आलो तेव्हा वाटलं होतं, घाट सुटला, आता सपाटीवर जरा आराम. पण घाटात निदान वळणाआधी पाटी तरी असते.

तो गावचा पेंटर आणि तीन नंबरच्या वॉर्डाचा सदस्य. आमच्या भागातून एसटीने गेला असाल तर त्याचं अक्षर तुम्ही वाचलेलं आहे. खताच्या दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, लग्नघराच्या भिंतीवरचे चिरंजीव आणि सौभाग्यकांक्षिणी, लोणखेड्यापर्यंतच्या कितीतरी शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, सगळं त्याच्या हातचं. बाकीचे पेंटर कोपऱ्यात आपलं नाव आणि मोबाईल नंबर टाकतात. याने कधी टाकलं नाही. एकदा विचारलं तर म्हणाला, नाव लिहायचं तर बरोबर काहीतरी असावं, नुसतं नाव काय लिहायचं.

ते 'काहीतरी' काय, हे मला पुढे कळलं. पंचायतीच्या भिंतीवर लाकडी फळा आहे, तुमच्याही गावात असेल. नाव, पद, कधीपासून, कधीपर्यंत. उपसरपंचांच्या रकान्यात गावातल्या दोन-तीन मोठ्या घरांचीच नावं खालीवर होतात. त्यांतल्या एका घरी याचा बाप सालदार होता, वर्षाच्या बोलीवर राबणारा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरायचं आणि पुढच्या आखाजीला सुटायचं. बाप मालकाच्या ओट्यावर कधी बसला नाही, पण त्याच ओट्यावरची मालकाची पाटी या पोराने वयाच्या चौदाव्या वर्षी रंगवली. फळ्यावरची नावंही पुढे तोच लिहीत आला. आता त्याला त्याच फळ्यावर, त्याच रकान्यात, आपलं नाव लिहायचं होतं. त्या नावाबरोबर बापाचं नाव आपोआप येणार होतं. त्याला एवढंच हवं होतं, आणि हे माणसाला हवं असावं यात मला तरी काही वावगं वाटत नाही.

आमच्याकडे सरपंचपद राखीव. सरपंचबाई थेट निवडून आलेल्या, शांत आणि सरळ. मग बाकीच्यांचा जीव उपसरपंचपदात. पॅनलचे चार जण इच्छुक आणि वर्षं पाच. पॅनलप्रमुख, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, त्यांनी तोडगा काढला: प्रत्येकी सव्वा वर्ष. हा तोडगा कुठल्याच कायद्यात नाही आणि महाराष्ट्रात सगळीकडे आहे. चौघांनी महादेवाच्या पिंडीवर हात ठेवले आणि तारीख न टाकलेले राजीनामे आबांकडे द्यायचं ठरलं. चौथी पाळी पेंटरची.

त्या दिवशी मीही देवळात होतो. सरकारी माणूस म्हणून नाही, चहाला म्हणून. राजीनाम्यात काय काय लिहावं लागतं ते मीच तोंडी सांगितलं. लिहिणार कोण, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी पेंटरकडे पाहिलं. तो मांडी घालून बसला आणि चारही राजीनामे त्याने एकटाकी लिहून काढले, समास सोडून, शिरोरेषा एका सुतात. लग्नपत्रिकेनं लाजावं इतके देखणे. चौघांनी खाली सह्या केल्या. चौथ्याची मुदत मंडळाबरोबरच संपणार, त्याला राजीनाम्याची गरज काय, असं मी हळूच म्हणालो. आबा म्हणाले, न्याय सगळ्यांना सारखा. म्हणून पद मिळायच्या आधीच याचा राजीनामा तयार झाला, आणि त्याला त्याचं वाक्य मिळालं.

पहिल्याचं नाव फळ्यावर चढलं तेव्हाच पेंटरने खाली आणखी तीन ओळी पेन्सिलीने आखून ठेवल्या. म्हणाला, अक्षरांची उंची सारखी यायला हवी.

पहिल्याने सव्वा वर्षानंतर लग्नसराई पुढे केली. घरात कार्य आहे, पत्रिकेत नावाखाली पद छापलंय, एवढं होऊ द्या. चार महिने तसे गेले. दुसऱ्याच्या वेळी आचारसंहिता आली, मग त्याच्या वॉर्डातल्या गटारीचं उद्घाटन राहिलं होतं, मग ते झालं तरी तो राहिला. पेंटर दर आखाजीला माझ्याकडे यायचा, खापरावरची पुरणपोळी फडक्यात बांधून आणायचा आणि फळ्यासमोर उभं राहून हिशेब लावायचा.

"सालदारनं साल आखाजीले सरस, भाऊसाहेब," तो एकदा म्हणाला. "खुर्चीनं साल कव्हय सरस?"

खुर्चीचं साल कधी संपतं, हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही. मी पोळी खाल्ली.

तिसऱ्याचं सव्वा वर्ष भरलं तेव्हा पेंटरच्या वाट्याला सहा महिने उरले होते. त्याची तक्रार नव्हती. सव्वा नाही तर अर्धं, म्हणाला, फळ्यावर महिने कोण मोजतं. आबांनी तिसऱ्याचा राजीनामा काढून सरपंचबाईंकडे पाठवला. तिसऱ्याने तो आपला नाहीच, असा लेखी अर्ज वर दिला. यातलं एक अक्षरही माझं नाही, म्हणाला, सगळं पेंटरच्या हातचं आहे. ज्याला खुर्ची मिळणार त्यानेच दुसऱ्याचा राजीनामा लिहिला, सहीही त्यानेच गिरवली असेल, नाहीतरी त्याचा धंदाच तो.

झालं. चौकशी लागली. आबा खरं काय ते सांगू शकले असते, पण मधल्या काळात त्यांच्या नातीची सोयरीक तिसऱ्याच्या घरी जमली होती. त्यांना देवळातलं काही आठवेना. राहिलो मी.

तालुक्याला जाताना मी पेंटरला मोटरसायकलवर मागे बसवून नेलं. वाटेत केळीच्या बागा संपेपर्यंत त्याला पढवत होतो. म्हटलं, अक्षराचं विचारलं तर सांगा की ओळखता येत नाही, जुनं आहे. अक्षर तुमचं ठरलं नाही तर त्याची सही त्याच्याच अंगावर येईल. तो मागे हूं हूं करत होता.

चौकशीच्या साहेबांनी तो राजीनामा पुढे सरकवला आणि विचारलं, हे अक्षर तुमचं का? त्याने कागद हातात घेतला, जरा लांब धरला. चष्मा आणला नव्हता. बऱ्याच दिवसांनी दिसलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहत राहिला.

"हां साहेब. मन्हंच शे," तो म्हणाला. मग शिरोरेषेवरून बोट फिरवत, "दुसरं कोनी इतलं चांगलं लिखस का आठे?"

साहेबांनी लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, ग्रामसेवक, तुम्हाला याबद्दल काही माहिती आहे का? मी म्हणालो, हे कार्यालयाबाहेर झालेलं आहे, दप्तरात नोंद नाही. एकही शब्द खोटा नव्हता. गेली सव्वीस वर्षं मी असंच बोलत आलोय आणि त्यावरच नोकरी टिकली आहे. पेंटर माझ्याकडे बघत नव्हता, कागद परत करायच्या आधी तो त्याची घडी नीट करत होता.

परतताना मी म्हटलं, एवढं सांगितलं होतं तुम्हाला. तो म्हणाला, आपलंच अक्षर आपण कसं नाकारायचं, भाऊसाहेब. मला त्याने काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पुढे तारखा पडत गेल्या. निकाल यायच्या आत मंडळाची मुदत संपली आणि प्रकरण आपोआप मिटलं. पंचायतीवर प्रशासक आले. फळा अद्ययावत करा, असा त्यांचा निरोप आला. आता हे काम पेंटरला कसं सांगायचं, या विचारात मी आठवडा काढला. शेवटी तोच ब्रश आणि डबी घेऊन आला. तिसऱ्याच्या पुढे त्याने 'कधीपर्यंत'ची तारीख टाकली, वाटणीपेक्षा सहा महिने पुढची. मग पेन्सिलीने आखलेली खालची ओळ तशीच ठेवून त्याने त्याच्याही खाली प्रशासकांचं नाव लिहिलं.

"पेंटरभाऊ, एक ओळ सुटली," मी म्हणालो.

"सुटनी नही, ठेवेल शे," तो ब्रश पुसत म्हणाला. "कोनी तरी चौथा व्हताच ना."

त्या दिवशी पायऱ्या चढताना तो त्याचं वाक्य म्हणाला नव्हता.

थंडीत तो गेला. छातीत दुखतंय म्हणाला आणि गेला, कोणाला फार वेळ दिला नाही. पंधरवड्याने त्याची बायको मृत्यूचा दाखला घ्यायला आली. नोंदवहीतल्या व्यवसायाच्या रकान्यात मी पेंटर लिहिलं, माझ्या कुत्र्याचे पाय मांजराला असल्या अक्षरात. दाखला पिशवीत ठेवून ती फळ्यासमोर जाऊन उभी राहिली. तिला वाचता येत नाही.

"यान्हामा त्यास्नी ओळ कोनती शे, भाऊसाहेब?"

मी बोट ठेवून दाखवली. तिने पदर हाताला गुंडाळून तेवढ्या भागावरची धूळ पुसली. जवळून पाहिलं तर पेन्सिलीच्या दोन रेघा अजून दिसतात. ती गेल्यावर मी दरवाजा लावून घेतला.

मागच्या महिन्यात प्रशासक साहेब दप्तर तपासायला आले होते. चहा पिता पिता त्यांची नजर फळ्यावर गेली. मधली ओळ कोरी का, त्यांनी सहज विचारलं. सांगायला पाच मिनिटं लागली असती. खोलीत आम्ही दोघेच होतो. निवृत्तीला मला एकच वर्ष उरलंय, आता कोणी माझं काय वाकडं करणार होतं?

"पेंटरकडून सुटली, साहेब," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि पुढचं रजिस्टर मागितलं. चाळीस वर्षांत त्या माणसाच्या हातून एकही ओळ सुटलेली नव्हती.