पिल्लाला मराठी येत नव्हती

आमच्या घरात कुत्र्याशी हिंदीत बोलतात. का, ते मला सांगता येणार नाही. माझ्या माहेरी, सासरी, इंदूरच्या जितक्या मराठी घरांत मी पाय ठेवला त्या सगळीकडे हेच पाहिलं. देवाशी, मुलांशी आणि भांडताना नवऱ्याशी मराठी. दूधवाल्याशी, चौकीदाराशी आणि कुत्र्याशी हिंदी. वरणात मीठ कमी आहे हे मराठीत सांगता सांगता दाराकडे वळून "ऐ, बाहर बैठ" म्हणायचं, आणि मध्ये काही बदललं हे आपलं आपल्यालाच कळायचं नाही. यावर मी उभ्या जन्मात कधी विचार केला नव्हता. आता दुसऱ्या कशाचा फारसा करत नाही.

ह्यांनी सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात तेहतीस वर्षं इन्स्पेक्शनचं काम केलं. मशीनवरून आलेला गिअर मापायचा आणि पास की रिजेक्ट ते ठरवायचं. ही सवय घरीसुद्धा यायची. वांगी रिजेक्ट, शिंप्याने शिवलेला माझा ब्लाउज रिजेक्ट, मुलाने पुण्यात पसंत केलेला फ्लॅट रिजेक्ट. मीही काही गरीब गाय नव्हते. मी शाळेत गणित शिकवायचे, आणि माझ्या तासाला वर्गातला पंखासुद्धा जपून फिरतो असं मुली म्हणायच्या. त्यामुळे आमची भांडणं बरोबरीची असत.

रिटायर झाल्यावर दुसऱ्या वर्षी हे बँकेतून घरी यायचा रस्ता विसरले. विजय नगरच्या ज्या चौकातून रोज भाजी आणायचे, तिथेच तासभर उभे होते. मग तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हळूहळू वाढत जाईल म्हणाले. बाहेर बाकावर बसून फाइलची दोरी बांधता बांधता हे मला म्हणाले, "बाकी काय जायचं ते जाऊ दे. तुझं नाव विसरलो तर डोकं फिरवून घेऊ नकोस. पण मला हरवू देऊ नकोस. रस्त्यात उभं राहून लोकांना स्वतःचं घर विचारणारा म्हातारा मला व्हायचं नाहीये."

मी म्हटलं, "नाही हरवू देणार." एवढंच म्हटलं, आणि आम्ही रिक्षा पकडून घरी आलो.

मुलाने पुण्याहून एक घड्याळ पाठवलं, माणूस कुठे आहे ते फोनवर दाखवणारं. हे हात धुताना ते काढायचे आणि साबणाच्या डबीत ठेवून निघून जायचे. फोनवर दिसायचं, बाथरूममध्ये आहेत. गेटला कुलूप लावलं तर गेट धरून हलवत उभे राहायचे आणि अख्खी लेन तमाशा बघायची. कुत्र्याची कल्पना ह्यांचीच. म्हणाले, "लाडाचा नको, कामाच्या जातीचा पाहिजे. ज्याला काम दिलं नाही तर चैन पडत नाही असा."

देपालपूरच्या बाजूला एक शेतकरी जर्मन शेफर्ड पाळत होता. त्याने आधीच सांगून टाकलं, "साहब, ये शो वाले नहीं हैं, काम वाले हैं. सोच के ले जाना." गोठ्याशेजारच्या खोलीत सात पिल्लं होती. हे डायरी-पेन घेऊन खाली जमिनीवर मांडी घालून बसले. एक गुबगुबीत पिल्लू येऊन माझे पाय चाटायला लागलं, मी लगेच विरघळले. हे म्हणाले, "तो कुणाचेही पाय चाटेल. रिजेक्ट." दुसरं भावंडांचे कान ओढत होतं, तेही बाद. मग ह्यांनी खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढला आणि फरशीवर टाकला. पिल्लं पळाली. एक तेवढं दचकलं, दोन पावलं मागे सरलं, परत आलं, किल्ल्या हुंगल्या आणि मान वर करून ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिलं. ह्यांनी त्याला उताणं केलं आणि छातीवर तळवा ठेवला. ते थोडं धडपडलं, मग निपचित पडलं, पण नजर काही हलली नाही.

"पास," हे म्हणाले. डायरीत लिहिलं. गाडीत बसल्यावर मी डायरी उघडून बघितली, तर 'पास' हा शब्द एकाखाली एक चार वेळा लिहिलेला होता.

पहिला महिना एकाच हाताने खायला घालायचं, असं त्या शेतकऱ्याने बजावलं होतं. तो हात ह्यांचा. मला शिवायची मनाई. मी पोळ्या लाटत असताना पिल्लू पायाशी येऊन कुंईकुंई करायचं आणि मी पाय बाजूला घ्यायचे. ह्यांच्या कारखान्यातल्या जुन्या बुटावर डोकं ठेवून ते झोपायचं. भरवलेलं विसरून हे पुन्हा भरवायचे, पिल्लाचं पोट टम्म फुगायचं, म्हणून मी ओट्याशेजारी पाटी टांगली. जेवण झालं की हे खडूने बरोबरची खूण करायचे. आंघोळ विसरायचे, दिवाळी आहे हे विसरले, पण ती खूण चुकली नाही. मला हेवा वाटायचा, लपवत नाही. पिल्लू पस्तीस किलोचं झालं तरी आम्ही त्याला पिल्लूच म्हणायचो.

शिकवायला पोलिसांच्या कुत्र्यांचे एक रिटायर ट्रेनर यायचे. रोज सकाळी कॉलनीच्या बागेत. त्यांचं एकच तत्त्व होतं. "मैडम, एक काम, एक शब्द. दूसरा शब्द इसके कान में मत डालना. और जब तक हुकुम नहीं मिलेगा, ये हिलेगा नहीं." पट्टा ह्यांच्या कमरेला बांधलेला असायचा. हे थांबले की पिल्लू बसायचं. हे "वापस" म्हणाले की उठायचं आणि घराच्या दिशेने ओढायला लागायचं. आधी आमच्या गल्लीच्या टोकापासून, मग बागेपासून, मग मंदिरामागून, मग रिंग रोडच्या पलीकडून. चार महिन्यांत इंदूरच्या त्या कोपऱ्यात कुठेही सोडा, "वापस" म्हटलं की पिल्लू ह्यांना गेटवर आणून उभं करत होतं. गेटपाशी हे खिशातून एक बिस्कीट काढून द्यायचे आणि मला हाक मारायचे, "ये गं, आलो मी." वर्षभर मी निवांत होते. दुपारी पेपर वाचायचे, डुलकी काढायचे.

मग ह्यांची हिंदी जायला लागली.

आधी इंग्रजी गेली होती, ती कुणाला जाणवलीच नाही. हिंदी जाईल असं माझ्या डोक्यातही आलं नाही. जन्म इंदूरचा, कारखान्यात तेहतीस वर्षं दिवसभर हिंदी. पण एक दिवस भाजीवालीला म्हणाले, "मेथी आजची आहे का गं?" ती हसली, "बाबूजी क्या बोल रिये हो?" तर हे माझ्याकडे बघायला लागले, जणू तीच काहीतरी परकं बोलते आहे. आईच्या मांडीवर जी शिकले तेवढीच उरत चालली होती.

पिल्लाशीही तेच. बागेत थांबले आणि म्हणाले, "घरी जाऊ या रे." पिल्लू बसलेलं. कान टवकारले, मान तिरकी केली आणि हुकमाची वाट बघत बसून राहिलं. हे पुन्हा म्हणाले, "जाऊ या ना आता." पिल्लू हललं नाही. मी मागेच होते. म्हटलं, "अहो, हिंदीत सांगा. त्याला मराठी येत नाही. वापस म्हणा."

हे म्हणाले, "परत."

"परत नाही. वापस."

त्यानंतर मी जे केलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. मी रोज चहा झाल्यावर ह्यांना समोर बसवायचे आणि पाढे घोटवावेत तसा तो शब्द घोटवून घ्यायचे. म्हणा, वापस. अजून एकदा. आता डोळे मिटून. जमलं की ठीक, नाही जमलं की माझा आवाज चढायचा. "एवढा एक शब्द लक्षात राहत नाही तुमच्या?" एकदा ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी त्यांच्या हातात रुमाल देऊन पुन्हा म्हटलं, म्हणा. दुसऱ्या दिवशी बागेत ह्यांनी एका फटक्यात "वापस" म्हटलं. मला वाटलं, झालं काम.

ट्रेनरना मी यातलं काही बोलले नाही. ते मधूनमधून फोन करायचे, "सब बढ़िया?" मी म्हणायचे, बढ़िया. ह्यांची हिंदी जातेय हे बाहेरच्या माणसाला सांगायची मला लाज वाटत होती. आणि पिल्लाला दुसरा शब्द शिकवता येईल हे सुचलंच नाही. कुत्र्याशी मराठीत काय बोलायचं.

मे महिना होता. दुपारचे साडेबारा वाजले असतील. गॅसवाला सिलेंडर ठेवून गेला आणि मी गेटची कडी लावायची विसरले. विसरायचा आजार माझ्या घरात दुसऱ्या कुणाला होता, पण कडी मी विसरले. बाहेर आले तर हे नव्हते, पिल्लूही नव्हतं, खुंटीवरचा पट्टाही नव्हता. आणि मला हायसं वाटलं. बरं झालं, एकटे नाही गेले. मी आत येऊन कांदा चिरला, आमटी फोडणीला टाकली. पाऊण तासाने पहिल्यांदा घड्याळ बघितलं. मग बागेत गेले, मंदिरामागे गेले, चौकात गेले. रस्त्यावर माणूस नव्हता, चपलेच्या आत पाय भाजत होते.

फोन आला तेव्हा दोन वाजून गेले होते. पिल्लाच्या गळ्यातल्या पट्ट्यावर माझा नंबर होता. हे रिंग रोडच्या सर्व्हिस लेनमध्ये होते, घरापासून पायी दहा-बारा मिनिटांवर. मी रिक्षाने पोचले तर चार-पाच माणसं गोल करून उभी होती. हे फुटपाथच्या कडेला कलंडलेले, तोंड लाल, अंग कोरडं तापलेलं. पिल्लू त्यांना टेकून बसलेलं. त्याचे तळवे सोलले होते.

तिथल्या उसाच्या रसवाल्याने मला सगळं सांगितलं. बिचारा खरंच रडवेला झाला होता. "आंटीजी, डेढ़ घंटे से खड़े थे. कुत्ते से कुछ बोलते थे, रुकते थे, फिर बोलते थे. हमको लगा ट्रेनिंग दे रहे हैं. हमने पानी दिया, तो उन्होंने कुत्ते को पिला दिया. दूसरा गिलास भरने गया, इतने में बैठ गए." जाणारे-येणारे लोक थांबून बघत होते, म्हणाला. एकाने तर व्हिडिओ काढला, कुत्ता कितना सीधा है म्हणून. हे आडवे झाले तेव्हा पिल्लू पहिल्यांदा भुंकलं, आणि मग कुणीतरी पट्ट्यावरचा नंबर वाचला.

रिक्षात ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डोळे अर्धे उघडले. तक्रार करावी तसं म्हणाले, "किती वेळ सांगतोय घरी जाऊ या म्हणून. ऐकतच नाही तो." मी म्हटलं, चाललोय आपण घरी. आम्ही हॉस्पिटलला चाललो होतो. त्यानंतर ते काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी गेले.

दिवसकार्य झाल्यावर मुलगा म्हणाला, कुत्रा देऊन टाकू, तुला झेपायचा नाही. मी म्हटलं, बघू. तो पुण्याला गेला त्याच दुपारी मी ट्रेनरना फोन केला आणि लाजबीज सोडून सगळं सांगितलं. ते हळूच म्हणाले, "मैडम, पहले नया शब्द बोलना था, उसके पीछे तुरंत पुराना. हफ्ते भर का काम था."

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टा मी माझ्या कमरेला बांधला. बागेत जाऊन थांबले, पिल्लू बसलं. मी म्हटलं, "घरी जाऊ या," आणि लगेच मागून, "वापस." ते उठलं आणि ओढायला लागलं. गेटपाशी बिस्कीट दिलं. रोज वीस मिनिटं. एकदाही आवाज चढवला नाही.

सातव्या सकाळी मी मुद्दाम त्याला रिंग रोडवर नेलं, रसवाल्याच्या गाडीपासून थोडं पुढे, त्याच जागी. मी थांबले. पिल्लू बसलं आणि वर माझ्या तोंडाकडे बघायला लागलं. मी फक्त "घरी जाऊ या रे" म्हटलं, ह्यांच्यासारखंच. जुना शब्द तोंडात आणलाच नाही. ते लगेच उठलं आणि वाटेत कुठेही न थांबता मला गेटपर्यंत घेऊन आलं.

सहा दिवस लागले त्याला.