मोह वेचायचं यंत्र आणि माझं भाषांतर

बी.ए. होऊन दोन वर्षं झाली होती. चंद्रपूरला झेरॉक्सच्या एका दुकानात बसून मी इतरांचे नोकरीचे अर्ज सुवाच्य अक्षरात भरून देत होतो. अशात मलाच नोकरी लागली. मोठ्या शहरातली एक संस्था मोहर्लीकडच्या जंगलालगतच्या एका गावातल्या बायांसाठी मोहफुलं वेचायचं यंत्र बनवणार होती आणि तिला दुभाष्या हवा होता, मराठीतून मराठीत. गावची बोली त्यांना कळत नव्हती. त्यांची मराठी, खरं सांगायचं तर, मलाही अर्धीच कळायची.

वापरणारा माणूस केंद्रस्थानी असला पाहिजे, असं त्यांचं तत्त्व होतं. पहिल्याच बैठकीत त्यांनी ते अक्षरशः पाळलं. शाळेच्या व्हरांड्यात खुर्च्यांचं रिंगण केलं, साहेबलोक खुर्च्यांवर बसले आणि मधोमध सतरंजीवर वापरणाऱ्या बाया. भिंतीवर एक मोठं चित्र लावलं होतं: वाकून फुलं वेचणारी बाई आणि तिच्या कमरेवर लाल गोळा. म्हणजे उत्तर तयार होतं, फक्त प्रश्न विचारायचा राहिला होता.

तो मुख्य साहेबांनी विचारला. "मोह वेचताना तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?"

बायांनी सगळ्यांत वयस्क बाईकडे पाहिलं. मागच्या मोसमात तिच्या जावेला मोहाखालीच वाघानं नेलं होतं, हे मला ठाऊक होतं. साहेबांना नव्हतं.

"कंबर त दुखतेच," ती म्हणाली. "पण वाकलो का मांगचं काई दिसत नाई. मांगून कोन येऊन राह्यलं, समजत नाई. माही जाऊ अशीच वाकून होती. थोच त्रास आहे, बाबू."

साहेब माझ्याकडे वळले. "काय म्हणतात?"

त्यांचं एक बोट चित्रातल्या लाल गोळ्यावर टेकलेलं होतं. चेहऱ्यावर इतकी आशा होती, की माझ्यानं ती मोडवेना. शिवाय नोकरीचा तिसराच दिवस होता.

"कंबर दुखते म्हणतात," मी म्हणालो.

रिंगणात आनंदीआनंद झाला. एकानं टाळीसुद्धा वाजवली. बाया माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांना साहेबांची मराठी बोलता येत नव्हती, पण समजत होती, हे माझ्या लक्षात यायला वर्ष लागलं.

पुढच्या मोसमात यंत्र आलं. लांब दांडा आणि त्याच्या टोकाला तारांचा गोल पिंजरा. तो जमिनीवर फिरवला की फुलं आपोआप आत जाणार, कंबर ताठच्या ताठ. शहरात हिरवळीवर द्राक्षं पसरून त्याची चाचणी झाली होती आणि ती शंभर टक्के यशस्वी होती, असं मला अभिमानानं सांगण्यात आलं. आमच्या मोहाखाली मात्र हिरवळ नव्हती. दगड, काटक्या आणि सुका पालापाचोळा होता, आणि पिंजऱ्यानं ते सगळं भेदभाव न करता गोळा केलं. फुलं तेवढी चेंगरली.

त्या वयस्क बाईनं दांडा धरून दहा पावलं यंत्र फिरवलं. तारा खळखळ वाजत होत्या. ती एकदम थांबली आणि दांडा झाडाला टेकवून मोकळी झाली.

"किती आवाज होते याचा! आधी मांगून आला त दिसत नोहता. आता आयकूई येनार नाई."

"काय म्हणतात?" साहेबांनी विचारलं.

या वेळी मी सगळं सांगितलं. वाघाचं, जावेचं, आवाजाचं. साहेबांचा चेहरा पडला. "पण हे यांनी आधी का नाही सांगितलं?"

बाईनंच उत्तर दिलं. "सांगतलं होतं. ह्या बाबूले." मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, "काऊन लपवलं रे?"

मी खाली बसून पिंजऱ्यात अडकलेला पाचोळा काढायला लागलो.

साहेब जीपमध्ये जाऊन बसले. त्यांच्या चमूतली एक तरुण मुलगी मात्र तिथंच थांबली. दुसऱ्या दिवशी वही-पेन न घेता ती बायांबरोबर फुलं वेचायला गेली, आणि तसे पाच दिवस गेली. पहिल्या दिवशी तिच्याच कमरेवर लाल गोळा उठला असावा, कारण संध्याकाळी ती शाळेच्या पायऱ्या बसून उतरत होती. पण तिला कळलं की फुलं एकदम पडत नाहीत, सकाळभर टपटपत राहतात. हरणं आणि डुकरं खाऊन टाकतील म्हणून बाया उजाडायच्या आधीच झाडाखाली येतात आणि तासन्‌तास वाकून राहतात.

"झाडाखाली जाळी बांधली तर?" तिनं विचारलं. "ऊन वर आल्यावर सगळ्याजणी मिळून यायचं, भरून घ्यायचं आणि निघायचं."

बाया हसल्या, मग वाद घालायला लागल्या. जाळी जमिनीवर नको, बकऱ्या तुडवतील, डुकरं खातील; डोक्याइतकी उंच ताणायची. फार बारीक नको, पाला अडकतो. खुंट्या कुठं ठोकायच्या, हे वयस्क बाईनं स्वतः चालून दाखवलं. मी भाषांतर करत होतो, एकही शब्द न गाळता, शिव्यांसकट. मुलगी शिव्याही लिहून घेत होती.

जाळी चालली. सगळीकडे नाही, उतारावरच्या झाडांना ती लागेना, तिथं बाया अजून वाकूनच वेचतात. त्या मोसमात गावात कुणाला वाघानं नेलं नाही. ते जाळीमुळं, असं मी म्हणणार नाही. अहवालानं मात्र म्हटलं. अहवालात साहेबांचा जाळीला हात लावलेला फोटो होता आणि मला 'स्थानिक भाषातज्ज्ञ' केलं होतं. त्या बाईचं नाव नव्हतं.

काम संपल्यावर मी तिच्याकडे गेलो. ती अंगणात फुलं वाळवत होती.

"तुही नोकरी आहे का रे अजून?"

"नाई. संपली."

"बरं झालं," ती म्हणाली. "आता खरं बोलाले काई अडचन नाई तुले."

मी हसलो. ती हसली नाही. तिनं सूप माझ्या हातात दिलं आणि फुलांतला काडीकचरा निवडायला लावला.