क्रमांक अकराची सावड

माझ्या संशोधनात मुलांना नावं नव्हती, क्रमांक होते. तसा नियमच आहे, आणि नियमांच्या बाबतीत मी हट्टी आहे. कोल्हारजवळच्या एका वस्तीवरची शाळा, चौथीची बारा मुलं, बारा टॅब्लेट आणि त्यांत अपूर्णांक शिकवणारा एक प्रोग्रॅम. आपला क्रमांक दाबला की आपला पाठ उघडायचा. दहापैकी आठ उत्तरं बरोबर आली तरच पुढचा पाठ. कोण किती शिकलं याची नोंद प्रोग्रॅमच ठेवायचा, आणि त्या नोंदींवरून मला सिद्ध करायचं होतं की मूल यंत्राच्या मदतीनं, आपल्या गतीनं, एकट्यानं शिकू शकतं.

मी श्रीरामपूरला बी.एड.च्या मुलांना शिकवते. पीएच.डी.साठी दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती आणि ही तिसरी, शेवटची. या वर्षी प्रबंध गेला नाही तर नोंदणीच रद्द होणार होती. स्टाफरूममध्ये मला कधीपासून ‘डॉक्टरीणबाई’ म्हणून चिडवायचे, आणि मी वरवर हसायचे.

आधीची वर्षं कशात गेली ते सांगायला बसले तर प्रबंधाएवढंच होईल. शाळेत वीज असली तर होती. त्यामुळे टॅब्लेट गुरुजींच्या घरी चार्ज व्हायचे, आणि त्यांच्या स्वयंपाकघरात मिक्सरचा नंबर टॅब्लेटनंतर लागायचा. रेंज फक्त गावच्या पाण्याच्या टाकीपाशी मिळायची. दर शनिवारी बारा टॅब्लेट भाजीच्या पिशवीत घालून मी तिथं उभी राहायचे आणि एकेकाच्या नोंदी वर चढवायचे. प्रोग्रॅममधली बाई पिझ्झाचे तुकडे करून अपूर्णांक समजावायची. वर्गात एकानंही पिझ्झा खाल्लेला नव्हता, पण पोरं तिचं शहाण्यासारखं ऐकून घेत.

त्या वर्षी मात्र गाडी रुळावर आली. जानेवारीअखेर मी आलेख काढले तेव्हा क्रमांक अकराची रेघ बघून मी खुर्चीतून उठलेच. ही मुलगी ऊसतोडीच्या टोळीतली, दिवाळीनंतर बीडकडून आलेली. पहिल्या चाचणीत तिला वीसपैकी दोन गुण होते. आणि आता तिची रेघ सरळ चढत गेलेली, एक दिवस खंड नाही. माझ्या मार्गदर्शकांनी फोनवर सांगितलं, “ह्याच एका मुलीवर एक प्रकरण लिहा.”

प्रकरणासाठी तिची हजेरी हवी, म्हणून गुरुजींकडून हजेरीपटाचे फोटो मागवले. त्यात तिच्या नावापुढे नऊ दिवस गैरहजेरी होती. आणि त्या नऊही दिवशी क्रमांक अकरानं पाठ सोडवले होते.

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी स्कूटी काढली आणि तडक वर्गात जाऊन उभी राहिले. “अकरा नंबरचे पाठ कोणी सोडवले? खरं सांगा.”

गुरुजी खिडकीबाहेर बघायला लागले. मग मागून एक मुलगी उठली. “मॅडम, त्यी सावड हाय.”

सावड मला ठाऊक होती. आज तुम्ही माझ्या रानात खुरपायला या, उद्या मी तुमच्या. आमच्या सगळ्या भागात शेती अशीच निभते. पण ती माझ्या टॅब्लेटमध्ये कशी शिरली?

“ती उसाच्या फडावर गेल्ती, धाकट्या भावाला सांभाळाया,” मुलगी म्हणाली. “तिचा नंबर मागं पडला आस्ता. मंग मी तिचा पाठ केला.”

“आणि ती?”

“ती आली की माझा करती. फेडाया नको?”

“तिला न येता?”

माझ्या अडाणीपणाची कीव आल्यासारखं तिनं माझ्याकडं पाहिलं. “न येता कसं, मॅडम? तिला आलं न्हाई तर माझाच नंबर आडकंल की! प्रार्थनेच्या आदी मी तिला समदं शिकवून ठिवती.”

मग एकेक जण बोलू लागला. कांदे लावायला गेलेल्याचा पाठ दुसऱ्यानं केला होता, तापानं निजलेल्याचा तिसऱ्यानं. प्रत्येकानं दुसऱ्याच्या क्रमांकावर काम केलं होतं आणि ते फेडून घेतलं होतं. माझ्या वहीतल्या बारा रेघांपैकी एकही एका मुलाची नव्हती.

मला रडू येईल असं वाटलं. रागाच्या भरात मी क्रमांक अकराला ओसरीवर बोलावलं आणि कोरा कागद पुढं ठेवला. मनात आलं होतं, बघूच हिला काय येतंय. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, असं विचारलं. प्रोग्रॅममध्येसुद्धा इथंच बहुतेक मुलं चुकतात. चार मोठा म्हणून एक चतुर्थांश मोठा, असं त्यांना वाटतं.

तिनं कागदाला हातही लावला नाही. “एक टिपरू तिघांत मोडलं तर वाटा मोठा येतो. चौघांत मोडलं तर बारका. लई जन आले की कमीच येतं ना.”

टिपरू म्हणजे उसाचा तुकडा. पिझ्झावाल्या बाईचा धडा पोरांनी ऐकला होता, आणि एकमेकांना शिकवताना उसावर आणून ठेवला होता. मी वीस प्रश्न विचारले. सतरांची उत्तरं तिनं बरोबर दिली. मी आयुष्यात पुष्कळ वर्ग पाहिलेत, शिकवण्याच्या पद्धतींवर तासन्‌तास व्याख्यानं दिली आहेत. शिकणाऱ्याला आलं नाही तर शिकवणाऱ्याचंच काम अडून राहील अशी सोय या पोरांनी कोणालाही न विचारता करून टाकली होती, आणि ती माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हती. मी त्या ओसरीवर थक्क होऊन बसून राहिले. राग कधी गेला ते कळलंही नाही.

सगळं ऐकून मार्गदर्शक म्हणाले, “ते नऊ दिवस वगळा आणि पुढं चला. हजेरीपट कोण मागतंय?” तसं करता आलं असतं. आलेख सुंदर होते, मुदत मार्चअखेर होती. दोन दिवस मी त्याच विचारात काढले. पण मूल एकट्यानं शिकतं हे सिद्ध करायला मी निघाले होते आणि इथं एकटं कोणी शिकलंच नव्हतं. मी जे पाहिलं ते विद्यापीठाच्या संशोधन समितीला लिहून कळवलं. प्रबंध गेला नाही, नोंदणी रद्द झाली. स्टाफरूममध्ये ‘डॉक्टरीणबाई’ म्हणणं आपोआप बंद झालं, आणि ते मला चिडवण्यापेक्षा जास्त लागलं.

मार्चमध्ये कारखान्याचा हंगाम संपला, टोळ्या परत गेल्या. एप्रिलमध्ये टॅब्लेट परत आणायला गेले तेव्हा ते पिशवीत भरून सवयीनं आधी टाकीपाशी गेले आणि नोंदी चढवल्या. क्रमांक अकराचे पाठ चालूच होते. अगदी आदल्या दिवसापर्यंत.

“अहो, ती मुलगी गेली ना?” शाळेत परत येऊन मी गुरुजींना विचारलं.

“गेली की, मॅडम. पोरं तिचं करत्यात रोज, पाळीपाळीनं.”

“पण जूनला ही सगळी पाचवीला दुसऱ्या शाळेत जाणार. तिची टोळी पुन्हा इथंच येईल हेही नक्की नाही. ती फेडणार कशी?”

“मीबी तेच बोललो त्यांना,” गुरुजी म्हणाले. “तर म्हणाले, न्हाई फेडलं तर न्हाई. मागं नको पडाया.”

मी टॅब्लेट पिशवीतून पुन्हा बाहेर काढले आणि शाळेतच ठेवले. जूनमध्ये नव्या मुलांसाठी जुने क्रमांक पुसायचे होते. बाकीच्या अकरा मुलांचे पुसले. तिचा तसाच ठेवलाय.