डॅनियल डी. यांची सेवा

परदेशी विद्यार्थ्यांमध्ये ख्रिस्ती सेवा करणाऱ्या संस्थेनं दशरथचा डॅनियल केला तो फक्त छापील कार्डावर. परदेशी विद्यार्थ्यांना 'दशरथ' म्हणणं जड जाईल, असं संस्थेचे पुण्याचे साहेब, योगेंद्र सर म्हणाले. समुद्र ओलांडून कर्जतला इंजिनिअरिंग शिकायला आलेल्या मुलांची जीभ म्हणे चार अक्षरांत अडकणार होती. दशरथनं मान डोलावली आणि पदरची थोडी भर घातली. गाव विचारलं की 'कर्जत सिटी' सांगायचं. डोंगराखालची वाडी, तिथल्या पाच ख्रिस्ती घरांची प्रार्थना आणि मोळी विकणारी आई, यांचं नाव काढायचं नाही.

सेवा जोरात चालली होती. दर शनिवारी भाड्याच्या हॉलात तीस खुर्च्या, प्रोजेक्टर, क्रीमची बिस्किटं आणि 'एकटेपणावर मात' या विषयावर बोलायला डॅनियल, बहुधा एकटाच. कधी एखादा सुदानी मुलगा वायफायपुरता टेकायचा. मलावीची चिसोमो मात्र नेमानं यायची आणि जाताना खुर्च्या आवरू लागायची. अहवालात 'नियमित उपस्थिती'समोर तो मोठ्या रुबाबात एकचा आकडा लिहायचा.

जानेवारीत तिकडे चिसोमोची आई वारली. ती पोचेपर्यंत माती होऊन गेली असती, म्हणून ती गेली नाही. कॉलेजजवळच्या भाड्याच्या खोलीचं दार लावून बसली. संस्थेच्या पुस्तिकेत शोकाचंही प्रकरण होतं: वचन, प्रार्थना, सकारात्मक संवाद, एकूण पंधरा मिनिटं. दशरथनं बंद दारासमोर उभं राहून पंधराच्या पंधरा मिनिटं पार पाडली, तीही इंग्रजीत. आतून "थँक यू" आलं. दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. पोरीच्या पोटात अन्नाचा कण नव्हता आणि याच्याकडे पुस्तिकेचं पुढचं पान नव्हतं.

शेवटी तो वाडीवर आईकडे गेला. सोनुबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"तिच्यापाशी कोन बसलंय?"

"कोन नाय."

"मग तू हितं काय करतंस रं?"

बाप्तिस्म्यानंतर वाडीतल्या या घरांनी बऱ्याच गोष्टी सोडल्या होत्या, ही नव्हती. मयताच्या घरात चूल पेटत नाही, भाकरी शेजारून येते आणि माणसाला एकटं ठेवत नाहीत. बोलायचं काही नसतं, नुसतं बसायचं. सोनुबाई, शेजारची कोंडी आणि आणखी तिघी तांदळाच्या भाकऱ्या आणि डाळ बांधून टमटममध्ये चढल्या. कॉलेजच्या वाटेवर दशरथला या बायकांची लाज वाटत होती आणि त्या लाजेची त्याहून जास्त लाज वाटत होती.

सोनुबाईनं दारावर एकदा थाप मारली आणि बाहेरच जमिनीवर बसली. बाकीच्याही बसल्या. तासाभरानं दार उघडलं. चिसोमोनं पाचीजणींकडे पाहिलं आणि बाजूला होऊन त्यांना आत घेतलं.

"आमच्या गावातही बायका अशाच येऊन खाली बसतात," ती दशरथला इंग्रजीत म्हणाली. "मला वाटलं, इथे हे कोणाला माहीत नसेल."

नेमके त्याच दुपारी योगेंद्र सर पाहणीला आले आणि डॅनियलला शोधत इथे पोचले. दारात उभं राहून त्यांनी भिंतीला टेकून गप्प बसलेल्या बायका पाच मिनिटं न्याहाळल्या.

"डॅनियल, कार्यक्रम सुरू कधी होणार?"

"चालू आहे, सर."

"आणि या कोण?"

 'कर्जत सिटी' दशरथच्या ओठांवर आली होती.

"ही माझी आय," तो म्हणाला. "मी वाडीचा, सर. नाव दशरथ."

सर खुर्ची शोधू लागले. चिसोमोनं सरकून त्यांना जमिनीवर जागा करून दिली, तेव्हा त्यांना एकदम पनवेलची मीटिंग आठवली.

ते गेल्यावर दशरथ उंबऱ्याशी बसला. दोन वर्षं पगार घेऊन न कळलेलं आपलं काम त्याला आज कळलं होतं, आणि त्याला बरं वाटत होतं. सोनुबाईनं भाकरीचा तुकडा डाळीत बुडवून चिसोमोच्या तोंडाशी धरला. तिनं तो खाल्ला. मग दशरथला विचारलं, "यांना मी काय म्हणू?"

"आय."

तिनं तो शब्द एकदा उच्चारला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडू लागली. बायका तशाच बसून राहिल्या. तिला गप्प करायला कोणी गेलं नाही.